दोन फड

मराठी भाषेत उसाच्या शेतासही फड म्हणतात आणि तमाशाच्या मंडळीसही फडच म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर पहिल्या फडामुळे नावारूपास आले. स्वातंत्र्योत्तर काळात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने तेथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा भागीदार झाला. दुसऱ्या फडाच्या वाट्यास काय आले?

एके काळी सुशिक्षित घरांत तमाशाचे नाव काढणेही अप्रशस्त समजले जाई. बोलपटाने हा संकोच पुष्कळसा दूर केला. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ प्रकाशित झाला. त्यास वसंत देसाई यांचे संगीत होते. १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ला वसंत पवार यांनी, तर १९७२ साली ‘पिंजरा’ला राम कदम यांनी संगीत दिले. लावणीची तबकडी दिवाणखान्यात वाजू लागली आणि ढोलकी हा भरवशाचा माल ठरला.

परंतु दिवाणखान्यात येताना लावणीस अंग चोरावे लागले. बैठकीच्या लावणीत गायिका एकाच ओळीवर कितीतरी वेळ रेंगाळते. दर खेपेस अदा निराळी आणि अर्थही निराळा. जुन्या तबकडीची एक बाजू मात्र तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्यात हा विस्तार मावणे अशक्यच होते.

याहून मोठा प्रश्न मोबदल्याचा. १९५७च्या कायद्याने कवी व संगीतकार यांचा हक्क मानला. गायक-वादकांच्या कलाविष्कारावरील हक्कास मान्यता मिळाली ती १९९४च्या दुरुस्तीने. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीस तर कर्ताच ज्ञात नाही. मग हक्क सांगणार कोण? विठाबाई नारायणगावकर यांच्यासारख्या थोर कलावतीचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. २००२ साली त्या निवर्तल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार ठेवला.

कागलच्या आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ २०१० साली आला आणि अजय-अतुल यांच्या संगीताने लावणी पुन्हा घरोघर पोहोचली. बोलपटाने लावणीस नवे श्रोते दिले, हे उपकार नाकारता येणार नाहीत. तथापि, वारणेकाठी ऊस काट्यावर तोलला जातो आणि ज्याचा ऊस, त्याच्या नावे त्याची नोंद होते. ज्या फडातून चाल उचलली, त्या फडाचे नावही तबकडीवर येऊ नये काय? आणि नावामागून त्याचा वाटाही जाऊ नये काय?