दुसरी वही कुठं आहे?



पावसाळा तोंडावर आला की आपल्या शिरोळ तालुक्यात घरोघरी एक काम ठरलेलं असतं. रेशनकार्ड, सातबारा, मुलांचे दाखले, बँकेची पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि माळ्यावर ठेवायची. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ही सवय आपल्या अंगी बाणवली. आज आम्ही बोलणार आहोत ते या पिशवीत न मावणाऱ्या एका वहीबद्दल. आपल्या खात्याची खरी वही आता बँकेच्या सर्व्हरमध्ये असते. हातातलं पासबुक ही तिची नक्कल.

सर्व्हर म्हणजे एकाच वेळी अनेक शाखांना उत्तरं देणारा मोठा कॉम्प्युटर. त्याच्याजवळ कपाटाएवढं साठवणीचं यंत्र असतं, त्याला स्टोरेज म्हणतात. त्यात ओळीनं डिस्क बसवलेल्या असतात. एक डिस्क बिघडली तर तिच्यावरची माहिती उरलेल्या डिस्कवरून पुन्हा तयार करता येते. विजेची जोडणी दोन, कारभार पाहणारे भागही दोन. एक बंद पडला की दुसरा ताबडतोब काम हाती घेतो. याला फेलओव्हर म्हणतात. अख्खी इमारतच बंद पडली तर काय, म्हणून दुसऱ्या गावी आणखी एक केंद्र असतं. म्हणून तर गावातल्या शाखेत गळ्याएवढं पाणी आलं तरी आपलं खातं बुडत नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात चढलं की श्रींची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथं चालू राहते. कुठं न्यायचं याची चर्चा पाणी आल्यावर सुरू होत नाही. जागा आधीच ठरलेली असते.

पण दुसरी जागा असूनही काम अडू शकतं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत हेच झालं. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. बाजाराचं मुख्य केंद्र आणि जवळचं दुसरं केंद्र यांना जोडणाऱ्या टेलिफोन कंपन्यांच्या तारा होत्या. एका कंपनीवर भिस्त नको म्हणून दोन कंपन्या घेतल्या होत्या. त्या दिवशी दोन्हींच्या जोडणीत बिघाड झाला. रस्त्याच्या खोदकामाचं कारण पुढं आलं. तरीही मुख्य केंद्र चालू राहायला हवं होतं, कारण तिथली यंत्रं शाबूत होती. पण नेमकी साठवणीची यंत्रणा प्रतिसाद द्यायची थांबली आणि जोखीम तपासणारं काम बंद पडलं.

जोडणी तुटल्यावर एवढं अवघड काय होतं? आपल्या गटाचा हिशेब घेऊन बघूया. समजा गटाची शिल्लक १०,००० रुपये. एक वही शिरोळात, दुसरी वाडीत. पुरानं रस्ता बंद, फोन बंद. शिरोळच्या ताईंनी दवाखान्यासाठी ८,००० मंजूर केले. वाडीच्या ताईंनी म्हशीच्या वैरणीसाठी ७,००० दिले. दोघींच्या वह्या आपापल्या जागी बरोबर, पण मिळून वाटप १५,००० चं. कॉम्प्युटरलाही हीच भीती असते. समोरचं केंद्र बुडालंय की नुसती तार तुटलीय, हे त्याला आपल्या जागेवरून कळत नाही. म्हणून अशा वेळी चालू कोणी राहायचं आणि थांबायचं कोणी, हे आधी ठरवावं लागतं. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी तिसऱ्या जागी एक साक्षीदार यंत्र ठेवतात.

त्या घटनेनंतर सेबीनं बाजाराला विचारलं, की दूरच्या आपत्ती केंद्रावर काम का हलवलं नाही? पुढं मार्च २०२१ मध्ये नियम आला. मोठा बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम सुरू करायचं, गरज पडली तर दुसऱ्या केंद्रावरून. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडला. पहिलं सत्र मुख्य केंद्रावरून आणि दुसरं आपत्ती केंद्रावरून चालवलं. थोडक्यात, रंगीत तालीम.

आपल्या गटातही तीन गोष्टी करता येतील. एक, हिशेबाची दुसरी वही त्याच गल्लीत ठेवू नका. शेजारणीच्या घरातही तेच पाणी येणार. जयसिंगपूरला कुणाची लेक, कुणाची बहीण असेल तिच्याकडे दर महिन्याला पानांचे फोटो पाठवा. जुने फोटोही तारखेसह राहू द्या, कारण चुकीची नोंद झाली तर नव्या नकलेतही ती तशीच उतरते. दोन, संपर्क तुटला तर कर्ज कोणत्या वहीवरून द्यायचं, हे आजच ठरावात लिहा. दुसऱ्या ठिकाणी फक्त अर्ज घ्यायचा, पैसे द्यायचे नाहीत. तीन, मे महिन्यात एक बैठक पहिली वही न उघडता घ्या. नुसत्या फोटोंवरून प्रत्येकीची बचत आणि कर्ज जुळतंय का बघा. जुळलं नाही तर ते उन्हाळ्यात कळलेलं बरं.

आणि सहकारी बँकेच्या तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेत चहा-बिस्किटांच्या आधी उभं राहून दोन प्रश्न विचारा. आमच्या खात्यांची दुसरी प्रत कोणत्या गावी आहे? आणि त्या प्रतीवरून दिवसभर बँक चालवून शेवटची कधी बघितली? कॉम्प्युटरमधलं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून मागं राहू नका. त्यात पैसे आपले आहेत. उत्तर मिळालं तर टाळ्या वाजवा, नाही मिळालं तर प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.