उन्हावर आंघोळीचे पाणी

आंघोळीच्या एका बादलीला साध्या चुलीत दीडेक किलो लाकूड जाते, आणि ते रानातून डोक्यावर आणते घरची बाई. हे काम ऊन करील. दीड हात लांब-रुंद लाकडी खोके घ्या. तळाला नि कडेला चार बोटे कोरडा भुसा दाबा. आत पत्र्याचा उथळ डबा, बाहेरून काळा रंगवलेला. तोंड खोक्याबाहेर काढा, बूच सैल ठेवा, वाफ जायला हवी. वर काच. काच ऊन आत घेते, तापल्या पत्र्याची ऊब मात्र सहजी सोडत नाही. म्हणून फट राहता कामा नये, खरी मेख तिथेच! भुसा भिजला तर सारे फुकट. खोके दक्षिणेकडे कलते ठेवा, थंडीत अधिक. दुपारी तीनला पाणी काढा. गुरुजी, शाळेत एक करून थर्मामीटर लावून पाहा.