हुन्नराची परीक्षा कोणी घ्यावी ?

(कारागीर व शेतकरी मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



सुतार, लोहार, गवंडी, चांभार, कुंभार, शिंपी आणि त्यांच्या हातच्या अवजारांवर ज्यांची शेती चालते ते कुणबी-माळी असे सर्व जण आज एका मांडवांत बसलेले पाहून आम्हांस समाधान वाटतें. विषय थोडा रूक्ष आहे. सरकारदरबारीं त्याला ‘राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट’ असें लांबलचक नांव आहे. नांवाला भिऊं नका. आंत आहे तें तुमच्याच घरचें आहे.

गोष्ट एवढीच. प्रत्येक धंद्यांतल्या जाणत्या माणसाला काय करतां आलें पाहिजे व काय ठाऊक असलें पाहिजे, हें लिहून काढावयाचें. त्या लेखी मापाला व्यवसाय-मानक म्हणतात. त्या मापानें माणसाची परीक्षा घ्यावयाची, आणि जो उतरेल त्याला असा कागद द्यावयाचा कीं जो आपल्या तालुक्यांत, मुंबईंत व आसामांत सारखाच चालावा. भारत सरकारनें ही चौकट २७ डिसेंबर २०१३ रोजीं जाहीर केली, तेव्हां तिला दहा पायऱ्या होत्या; २०२३ सालीं ती नव्यानें मांडली, तेव्हां आठ ठेवल्या. अगदीं खालीं सांगितलेलें साधें काम करणारा, अगदीं वर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेला. विटा रचणारा व पोथ्या रचणारा एकाच शिडीवर ! आमच्या जुन्या शास्त्रकारांना हें कांहीं सुचलें नव्हतें.

आपल्याकडे हुन्नराचा दाखला आजवर जन्म देत आला. सुताराच्या पोटीं आला तो सुतार. त्याला रंधा धरतां येवो न येवो. दुसऱ्याच्या घरीं जन्मून ज्याचा हात सुताराहून सफाईचा, त्याला नेटावर बसूं देणार कोण ? मजुरीही हुन्नर पाहून ठरत नसे. रूढीनें जें बलुतें ठरलें तें. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं आपल्या कोल्हापूर संस्थानांत ही बलुत्याची बेडी तोडली व वाटेल त्यानें वाटेल तो धंदा करण्याची वाट मोकळी केली. वाट मोकळी झाली, परंतु जन्माचा दाखला गेला तर त्याच्या जागीं दुसरा कोणता, हा प्रश्न राहिलाच.

गांवांत त्याची अडचण भासत नाहीं. कोणाची पाभर सरळ पेरते हें सगळ्या शिवाराला ठाऊक असतें. पण तोच सुतार किंवा गवंडी पोटासाठीं पुण्या-मुंबईच्या बांधकामावर गेला कीं त्याला कोण ओळखतो ? सन २०१९ च्या वेतन संहितेंत कामगारांच्या चार प्रती सांगितल्या आहेत : अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल. किमान मजुरी ठरवितांना या प्रती पाहावयाच्या असतात. म्हणजे हजेरीपटावर नांव कोणत्या रकान्यांत पडतें, त्यावर संध्याकाळची भाकरी अवलंबून. आणि रकाना ठरवितो मुकादम ! वीस वर्षें ओळंबा धरलेला गडी ‘अकुशल’ म्हणून लिहिला जातो व आंगठा उठवून घरीं येतो. भाताची लावणी करणारी बाई चिखलांत वांकून ओळी साधते, तिला तर कुशल म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. अशा वेळीं हातांत सरकारी दाखला असेल तर तोंड उघडावयाला जागा राहते. म्हणून आम्ही या कागदाच्या बाजूचे आहोंत.

आतां माप कसें लिहावयाचें तें पाहूं. पाभरच घ्या. फणांमधलें अंतर सारखें हवें, सगळे फण एका रेषेंत हवेत, चाड्यांतून बीं प्रत्येक नळ्यांत सारखें उतरावें. यांत चूक झाली तर शिक्षा सुताराला होत नाहीं, शेतकऱ्याला होते. ओळी वांकड्या गेल्या कीं पुढें कोळपें चालत नाहीं, आणि चालविलें तर तणाबरोबर पीक उपटतें. तेव्हां शेतकरी बंधूंनो, हें मानक तुमच्याही संरक्षणाचें आहे. गवंड्याचें असेंच : वीट भिजविली कीं कोरडी लावली, भिंत ओळंब्यांत व कोपरा गुण्यांत आहे कीं नाहीं, बांधकामावर पुरेसे दिवस पाणी मारलें कीं नाहीं. हें सारें मोजतां येतें.

लोहाराचें थोडें बिकट आहे. कोयत्याला पाणी पाजतांना तो लोखंडाचा रंग पाहतो. रंग चुकला तर धार फुटते, नाहींतर वळते. हें सांगून येत नाहीं, असें आपले म्हातारे म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. भात्याशीं बसलेल्या स्वतःच्या पोराला जें दाखवितां येतें, तें शेजाऱ्याच्या पोरालाही दाखवितां येईल. मात्र त्याची परीक्षा भट्टीपुढें झाली पाहिजे. चार उत्तरांपैकीं एकावर खूण करून कोयता तयार होत नाहीं.

येथें आम्ही मुख्य मुद्द्यावर येतों. माप लिहितो कोण आणि परीक्षा घेतो कोण ? आपल्याकडे मानकें लिहिण्याचें काम मुख्यतः क्षेत्र कौशल्य परिषदांकडे सोंपविलें गेलें, व या परिषदा उद्योगपतींच्या पुढारपणाखालीं उभ्या राहिल्या. कारखानदाराला आपल्याला कसा माणूस हवा हें कळतें, हें खरें. पण गांवचा लोहार कोणत्या कारखानदाराचा नोकर आहे ? २०१६ सालीं श्री. शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें या परिषदांचें काम तपासलें आणि त्यांतल्या हितसंबंधांच्या गुंतागुंतीवर बोट ठेवलें. पुढें डिसेंबर २०१८ मध्यें व्यावसायिक शिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली व ऑगस्ट २०२० पासून ती काम करूं लागली. दाखला देणाऱ्या व परीक्षा घेणाऱ्या संस्थांना मान्यता देणें व त्यांच्यावर देखरेख ठेवणें हें तिचें काम. व्यवस्था ठीक आहे. पण परीक्षकाच्या खुर्चींत कारागीर अजून दिसावयाचा आहे.

जर्मनींत पाहा. तेथें उमेदवारी संपविलेल्या मुलाची परीक्षा जी समिती घेते, तींत मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी बरोबरीच्या संख्येनें बसतात आणि सोबत धंदेशाळेचा शिक्षक असतो. हा कांहीं कोणाचा मोठेपणा नव्हे, तो कायदा आहे. त्यांनींही ठेंचा खाल्ल्या आहेत. स्वतःची पेढी काढावयास उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती ९४ धंद्यांना होती. २००४ सालीं ५३ धंद्यांतून ती उठविली. सक्ती गेल्यावर फरशी बसविण्यासारख्या धंद्यांत पेढ्या उदंड झाल्या, पण शिकाऊ मुलें घेणारे कमी झाले. शेवटीं २०२० सालीं १२ धंद्यांत, फरशीवाल्यांसकट, ती पुन्हां बसवावी लागली. आम्ही मात्र आपल्याकडे अशी सक्ती मागत नाहीं. ज्या देशांत कागदाची दारें नेहमीं एकाच आळींतून उघडलीं, तेथें कागदावांचून धंदा बंद असें ठरलें तर गरीब कारागीर आधीं मरेल.

आतां आपल्या गांवांपर्यंत आलेल्या योजनेविषयीं. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तींत १८ धंदे आहेत. पांच ते सात दिवसांचें प्राथमिक शिक्षण, त्या काळांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारणावांचून पहिल्यानें एक लाख व मग दोन लाख रुपये कर्ज, तेंही शेंकडा पांच व्याजानें. याचा लाभ जरूर घ्या. पण एक खोंच आहे. योजना ‘कुटुंबाच्या परंपरागत धंद्या’ची भाषा बोलते. जातीची अट नाहीं हें खरें. परंतु न्हाव्याच्या मुलाला वस्तरा व कुंभाराच्या मुलाला चाक, हें ओळखीचें गाणें त्यांतून ऐकूं येतें. २०२४ सालीं तामिळनाडू सरकारनें याच कारणानें ती आहे त्या रूपांत घेण्याचें नाकारलें व ज्याला ज्या धंद्यांत शिरावयाचें असेल त्याला शिरूं देणारी आपली वेगळी योजना काढली. आमचें मत त्यांच्या बाजूचें आहे. चांभाराच्या मुलीला सुतारकाम शिकावयाचें असेल तर तिच्या बापाचा धंदा विचारण्याचें कारण काय ? तिचा सांधा घट्ट बसतो कीं नाहीं तें पाहा.

दुसरें असें कीं, शिडी म्हटली कीं वर चढतां आलें पाहिजे. आय. टी. आय.चें शिक्षण १९५० पासून चालत आलें, पण त्याचें दार शाळा शिकलेल्यालाच उघडें. बापाच्या हाताखालीं शिकलेल्याची परीक्षा घेऊन त्याला दाखला द्यावा, ही सोय २०१५ नंतर केंद्राच्या कौशल्य विकास योजनेंतून वाढली. चार दिवसांत दाखला हातीं पडतो, फोटो निघतो, आणि माणूस त्याच पायरीवर उभा राहतो. पुढच्या पायरीची परीक्षा कधीं, कोठें, कोणत्या भाषेंत, हें त्याला कोणी सांगत नाहीं. तें विचारावयाचें काम आपलें आहे.

विश्वकर्मा योजनेची नोंदणी गांवच्या सेवा केंद्रांत होते व ती फुकट असते. कोणी पैसे मागितले तर देऊं नका. परीक्षेला जाल तेव्हां प्रश्न मराठींत विचारा असें सांगा आणि हातचें काम पाहिल्यावांचून परीक्षकाला उठूं देऊं नका. दाखला मिळाला कीं त्यावर कोणती पायरी लिहिली आहे ती वाचा. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. आणि पुढच्या कामावर मुकादमानें हजेरीपट काढला कीं, तो तुमचें नांव कोणत्या रकान्यांत घालतो, तें आंगठा उठविण्याच्या आधीं पाहा.