महालक्ष्मीच्या पानातलं, रोजच्या ताटात

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणावरून)

गणरायाला वंदन करून आम्ही आज थोडं स्वयंपाकघराबद्दल बोलणार आहोत. पुरुषांनी यावर बोलावं का, असं कुणाला वाटेल. पण किराण्याची यादी हातात घेऊन दुकानात आम्हीच जातो, तेव्हा बोलायचा थोडा हक्क आम्हालाही आहे.

आपले सण कसे येतात बघा. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, मग चतुर्थीला बाप्पा, लगेच ऋषिपंचमी आणि पाठोपाठ महालक्ष्म्या. आम्हा सरकारी नोकरीवाल्यांना हे सगळं एका पगारात बसवावं लागतं. वीस तारखेनंतर डबे खडखडू लागतात. अशा वेळी काय शिजवायचं, हा प्रश्न घरोघरी आहे. त्याचं उत्तर आपल्याच नैवेद्याच्या पानात आहे.

महालक्ष्मीला आपण आंबील वाढतो. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, मीठ-जिरं घालायचं, एवढाच तिचा खर्च. तीच आंबील एरवी घरात केली की मुलं नाक मुरडतात. पाहुणे आले तर कण्यांचं पातेलं झाकून ठेवणारी घरंही आपण पाहिली आहेत. जे देवीला चालतं ते पाहुण्यांना का चालू नये? आम्हाला वाटतं, हे पदार्थ मागे पडले ते चवीमुळे नाही, लाजेमुळे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. कचेरीत हिंदी आली, पण चुलीवर ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरणच राहिलं. पुढे २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलं, आणि आपली ज्वारी चकचकीत पाकिटात बसून शहरातल्या दुकानात महाग झाली. आपल्याला ती पाकिटातून घ्यायची गरज नाही.

आता आमच्या घरी महिनाअखेरीला जे शिजतं, ते सांगतो.

पहिल्या कण्या. ज्वारी गिरणीतून भरडून आणावी, चाळून पीठ भाकरीला ठेवावं, वर उरतात त्या कण्या. एक वाटी कण्या तासभर भिजवाव्या, चार वाट्या पाणी आणि मीठ घालून मऊ शिजवाव्या. सोबत ताक, नाहीतर अंबाडीची भाजी. या दिवसांत अंबाडी बाजारात येते. पानं उकडून आंबट पाणी काढून टाकावं, त्यात शिजलेली तुरीची डाळ आणि मूठभर शिजलेल्या कण्या घोटाव्या, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी द्यावी. धान्याच्या प्रथिनात जी उणीव असते ती डाळ भरून काढते. म्हणून हे जेवण स्वस्त असलं तरी निकस नाही.

दुसरा गोळाभात. पाऊण वाटी जाडसर बेसनात तिखट, हळद, मीठ, जिरं आणि चमचाभर गरम तेल घालून घट्ट मळावं, लिंबाएवढे गोळे करावे. एक वाटी तांदूळ अर्धवट शिजले की गोळे वर ठेवावे, झाकण लावून मंद आचेवर वाफ आणावी. वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि हिंग-मोहरीची फोडणी वर घ्यायची. चिंचेचं सार असलं तर उत्तम. भाजी लागतच नाही. आमचा मुलगा बाहेरगावी खोली घेऊन शिकतो. आईकडून तो सगळ्यात आधी हाच पदार्थ शिकून गेला.

तिसरी वरणफळं. सकाळचं वरण उरलं की त्यात पाणी घालून उकळावं, चिंच-गुळाचा हात लावावा, कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यात सोडावे. दहा-पंधरा मिनिटांत एका भांड्यात जेवण तयार होतं, गॅसही वाचतो.

आणि उन्हाळ्यात घातलेल्या मुगवड्या विसरू नका. पावसाळ्यात भाजीचे भाव चढतात, त्या दिवसांसाठीच आपल्या आज्यांनी त्या वाळवून ठेवल्या.

शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला बाहेरगावचे नातेवाईक येतात, तेव्हा जेवायला आपल्याकडे उतरतात. आम्ही गेल्या काही दिवसांपासून त्यांच्यापुढे मुद्दाम कण्या-अंबाडी ठेवतो. बहुतेकजण दुसऱ्यांदा वाढून घेतात, आणि वयस्कर मंडळी आपापल्या आईची आठवण काढतात.

माता-भगिनींनो, तुमच्या हातात जे आहे ते कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. सून आणि मुलगीच नव्हे, मुलालाही शेजारी उभं करून शिकवा. हात थांबले की पदार्थही थांबतो. यंदा महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं तरी आंबिलीचं भांडं माळ्यावर चढवू नका, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!