दिवा लागायची वाट बघू नका

आज आम्ही इंजिनच्या ऑइलबद्दल बोलणार आहोत. हा गड्यांचा विषय आहे म्हणून रेडिओ बंद करू नका. मालवाहू गाडी, मळणी यंत्र, पाणी उपसायचं डिझेल इंजिन आता आपल्या गटांच्या नावावर असतं. हप्ता आपण भरतो, मग ऑइलही आपणच बघायला हवं.

आधी आमची चूक सांगतो. वैशाखात पापड-बिबड्यांची पोती घेऊन आमची गाडी पारोळ्याहून जळगावला निघाली होती. गाडी गटातलीच एक मैत्रीण चालवते. एरंडोल सोडलं आणि समोर लाल दिवा लागला. तेलाच्या बुधलीचं चित्र, तोंडाशी थेंब. तिनं थांबून फोन केला. आम्ही म्हणालो, "जळगाव आलंच आहे, गिऱ्हाईक खोळंबलंय, हळूहळू जा." थोड्याच अंतरावर खडखड आवाज झाला आणि इंजिन जाम झालं.

गाडी दोन महिने उभी राहिली. बँकेचा हप्ता काही थांबला नाही, तो बचतीतून गेला. बैठकीत काही जणी म्हणाल्या, खर्च चालवणारीनं द्यावा. पण तिनं तर विचारलं होतं, जा म्हणणारे आम्ही होतो. शेवटी खर्च सगळ्यांनी वाटून घेतला.

मेकॅनिकनं तेव्हा समजावलं ते असं. बहुतेक गाड्यांत हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. तेल फार कमी झालं की पंपाला ते ओढता येत नाही, दाब पडतो आणि दिवा लागतो. तोवर आत लोखंडावर लोखंड घासायला लागलेलं असतं. म्हणून चालत्या गाडीत हा दिवा लागला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. पुढचं गाव कितीही जवळ असो. चावी फिरवल्यावर दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. चावी फिरवूनही लागला नाही, तर दिवाच बिघडला असेल, तो दाखवून घ्या.

"गळती नाही, मग तेल गेलं कुठं?" असं आम्हीही विचारलं. तेल जळतंही. जुनं इंजिन तेल जाळू लागलं की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. काही इंजिनांत तर ते मुद्दाम जाळतात. जपानच्या माझदा कंपनीची 2003 साली आलेली आरएक्स-8 ही वेगवान गाडी घ्या. तिच्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या कडा घासू नयेत म्हणून आत थोडं थोडं तेल सोडतात, ते जळून जातं. म्हणून इतक्या महागाच्या गाडीच्या मालकालाही वरचेवर तेल तपासावं लागतं. आपल्या टू-स्ट्रोक फवारणी पंपात आपण पेट्रोलमध्ये तेल मिसळतो, तेही जळतंच.

आता तपासायचं कसं? गाडी सपाट जागी लावा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. तेल मापायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढा. स्वच्छ फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेजवळ आलं असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑइल थोडं थोडं घाला आणि पुन्हा बघा. डबा एकदम ओतू नका, जास्त तेलही बाधतं. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलेलं असू शकतं, इंजिन सुरू करू नका. बदललेलं काळं तेल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या.

आमच्या वहीत ऑइल बदलल्याची तारीख होती, पण मधल्या दिवसांत पट्टी कोणी काढलीच नव्हती. आता वहीत नवा रकाना आहे: तारीख, किलोमीटर, तेल कुठवर, सही. गाडी निघायच्या आधी कोणीतरी विचारतंच, "तेल शे का?" आणि पट्टी बघितल्याशिवाय "शे" म्हणायचं नाही, असं ठरलंय.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा रकाना आखून घ्या.