पडद्यावरचे प्राणी आणि वेरूळचा मकर

मुकुंदवाडी हें एके काळीं औरंगाबाद शहराबाहेरचें खेडें होतें. आज तें छत्रपति संभाजीनगराचा एक गजबजलेला भाग झालें असून, त्याच्या नांवाचें रेल्वे स्थानकही आहे. सायंकाळीं तेथल्या कोणत्याही घरांत डोकावलें, तर बहुधा एकच देखावा दृष्टीस पडेल. आजोबा खुर्चींत बसलेले आहेत आणि नातू कोपऱ्यांत मोबाईलच्या पडद्यावर मान वांकवून विचित्र प्राण्यांची झुंज लावीत आहे. ‘हीं कसलीं रे भुतें?’ हा आजोबांचा प्रश्न. ‘आजोबा, तुम्हांला नाहीं कळायचें,’ हें नातवाचें उत्तर. एवढ्यावर दोन पिढ्यांचें संभाषण आटोपतें. तें इतक्यांत आटोपण्याचें खरोखर कारण नाहीं. कारण या भुतांचीं कुळें आजोबांच्या चांगल्या परिचयाचीं आहेत.

अशा खेळांपैकीं जगभर गाजलेला एक खेळ म्हणजे जपानांतील ‘पोकेमॉन’. तो २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांत १५१ प्राणी होते. त्याचे जनक सातोशी ताजिरी हे तोकियोनजीकच्या माचिदा येथें वाढले. लहानपणीं त्यांना किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. पुढें शहर पसरलें, तळीं बुजलीं, शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या आणि किड्यांबरोबर तो नादही मुलांच्या आयुष्यांतून गेला. जो आनंद आपणांस रानांत लाभला, तो शहरांतल्या मुलांना निदान पडद्यावर तरी लाभावा, या इच्छेंतून तो खेळ जन्मास आला. मुकुंदवाडीच्या वडीलधाऱ्या मंडळींना ही हकीकत परकी वाटण्याचें कारण नाहीं. जेथें शेतें होतीं तेथें घरें झालेलीं त्यांनीं याच डोळ्यांनीं पाहिलेलीं आहेत.

आतां त्या प्राण्यांपैकीं एक-दोहोंचें कूळ पाहावें. त्या खेळांत ‘ओमानाईट’ नांवाचा एक जलचर आहे. पाठीवर वळसेदार शंख, पुढें लोंबणाऱ्या सोंडा. आणि खेळांत तो मिळतो तो एका अश्मीभूत अवशेषापासून. हा प्राणी म्हणजे ‘अमोनाइट’, आणि अमोनाइट म्हणजे पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यांत पूजला जाणारा शाळिग्राम! गंडकी नदीच्या पात्रांत सांपडणाऱ्या त्या काळ्या दगडांवर जें चक्र दिसतें, तो या प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. त्याच्या शंखांत एकापुढें एक असे कप्पे असत. मागच्या कप्प्यांत वायु भरलेला असे आणि त्याच्या योगानें तो समुद्रांत तरंगे. कोंकणच्या बाजारांत मिळणारें माकूल त्याच्याच दूरच्या भाऊबंदांपैकीं आहे. आज जेथें हिमालय उभा आहे, तेथें पूर्वीं समुद्र होता, याची साक्षच हे दगड देतात.

योगायोग असा, कीं वेरूळचीं लेणीं ज्या काळ्या पाषाणांत कोरलेलीं आहेत, तो ज्वालामुखीच्या रसाचा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं थिजला आणि जगांतला अमोनाइटांचा वंशही त्याच सुमारास खुंटला.

दुसरा प्राणी ‘पारस’. हा खेकड्यासारखा किडा असून त्याच्या पाठीवर अळंबीं उगवलेलीं आहेत. तो मोठा झाला म्हणजे अळंबें इतकें माजतें, कीं किडा नांवाला उरतो आणि हुकूम अळंब्याचा चालतो. ही केवळ कल्पना वाटेल; पण हिमालयांतील ‘कीडाजडी’ ही वनस्पति म्हणून विकली जाणारी वस्तु नेमकी अशीच तयार होते. एक बुरशी जमिनींतल्या सुरवंटाच्या अंगांत शिरते, त्याला आंतून खाऊन टाकते आणि शेवटीं त्याच्या मस्तकांतून काडीसारखा कोंब वर काढते. चित्रकारानें येथें निसर्गाला फारशी भर घातलेली नाहीं.

प्राण्यांचे अवयव जुळवून नवा प्राणी घडविण्याची ही कला जपान्यांनीं शोधून काढली, असेंही नाहीं. शहरापासून अवघ्या ३० किलोमीटरांवर असलेल्या वेरूळास २१ व्या लेण्याच्या, म्हणजे रामेश्वराच्या, दर्शनी भागीं गंगेची मूर्ति आहे. ती मकरावर उभी आहे. या मकराचा जबडा सुसरीचा, वर वळलेलें नाक हत्तीच्या सोंडेचें आणि मागचा भाग माशाचा अथवा पानाफुलांच्या वेलबुट्टीचा, अशी त्याची परंपरागत ठेवण. जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्तींना पंजांत पकडणारा जो शरभ आहे, तो याच घराण्यांतला. पाहणाऱ्यानें प्रत्येक अवयव ओळखावा आणि एकंदर प्राणी मात्र कधींच पाहिलेला नसावा, हें या कलेचें मर्म. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ काढला, तेव्हां तिनेंही पुराणांतील देवता आणि असुर यांचाच आश्रय केला.

परंतु या मनोरंजक वंशावळींत एक चिंतेची बाब आहे. मकराला ज्या प्राण्यानें आपला जबडा दिला असावा, ती लांब चोंचीसारख्या तोंडाची सुसर गंगेच्या खोऱ्यांतली. अरुंद तोंड पाण्यांत झपाट्यानें आडवें फिरवून ती मासे पकडते. नराच्या नाकावर घड्याच्या आकाराचा उंचवटा असतो. त्यावरूनच तिला उत्तरेकडे ‘घडियाल’ म्हणतात. शिकार, वाळूचा उपसा आणि नद्यांवरचीं धरणें यांनीं तिची इतकी हानि झाली, कीं १९७५ सालीं भारत सरकारला मगर-संरक्षणाची योजना हातीं घ्यावी लागली. आजही ती नष्ट होण्याच्या अगदीं काठावर असलेल्या प्राण्यांत गणली जाते; तिची सर्वांत मोठी वस्ती चंबळा नदींत उरली आहे. दगडांतला मकर चौदाशें वर्षें टिकला. त्याच्या हाडामांसाच्या पूर्वजाचा मात्र भरंवसा राहिलेला नाहीं.

२००२ सालीं केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इंग्लंडांतील शाळकरी मुलांना चित्रें दाखवून नांवें विचारलीं. आठ वर्षें व त्यापुढील मुलांना पोकेमॉनचे प्राणी अचूक ओळखतां आले; पण आपल्याच देशांतील ओक वृक्ष व बॅजर यांच्यासारख्या सजीवांशीं त्यांचा तितका परिचय नव्हता. यावरून मुलांना दोष देणें सोपें आहे. तथापि त्याच पाहणीचा दुसरा अर्थ असा, कीं मुलांची स्मरणशक्ति व जिज्ञासा शाबूत आहे. खऱ्या प्राण्यांशीं त्यांची गांठ घालून देणारें कोणी घरांत उरलेलें नाहीं, इतकेंच.

तें काम आजोबांचें आहे. मोबाईल हिसकावून घेतल्यानें तें साधणार नाहीं. ‘हा कोण? याचा शंख असा कां? हा कोठें राहत असेल?’ असें त्यांनीं नातवाजवळ बसून विचारावें आणि मग उठून देव्हाऱ्यांतला शाळिग्राम त्याच्या तळहातावर ठेवावा. पुढच्या रविवारीं दोघांनीं वेरूळास जावें. गंगेच्या पायांखालचा मकर पाहून नातू बहुधा विचारील, ‘आजोबा, हा कोणत्या खेळांतला?’ त्या प्रश्नास हंसूं नये. जेथें संभाषण तुटलें होतें, तेथेंच तें पुन्हां जुळावयास लागलें, असें समजून उत्तरास आरंभ करावा.