पहिले पीककर्ज आणि आपली पत
ठाणे जिल्ह्यात भातासाठी पहिले पीककर्ज काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. सातबाऱ्यावर कर्ज मिळते, पत मात्र परतफेडीनेच वाढते. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डावर १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही. केंद्राच्या सवलतीने ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. मुदतीत फेडल्यास ४ टक्केच पडते.

हा पैसा मोटारसायकलीच्या हप्त्यात घालू नका. मित्राला जामीन राहिलात, तर त्याची थकबाकी तुमच्याही नावावर दिसते. भात विकताच आधी सोसायटीचे देणे भागवा, पावती जपा. कल्याण-डोंबिवलीलगतची जमीन विकून आलेला पैसा संपतो. राखलेली पत पुढच्या मृगालाही उपयोगी पडते.